शब्दचर्चा : बर्फ लवचिक, ठिसूळ की आकार्य?

प्रश्न (शिरोली, कोल्हापूर) : हिमनद्यांविषयीच्या एका लेखात ‘बर्फ लवचिक असल्यामुळे वाहतो’ असे वाक्य वाचले. आमच्या फाउंड्रीत बीड (ओतीव लोखंड) जसे घावाने तुटते तसाच फ्रीजमधला बर्फही फुटतो. मग येथे ‘लवचिक’ शब्द कसा चालेल?

उत्तर : चालणार नाही. बल काढून घेतल्यावर जो पदार्थ पूर्वीच्या आकारावर येतो तो लवचिक, शास्त्रीय परिभाषेत स्थितिस्थापक. बदललेला आकार ज्यात तसाच राहतो तो आकार्य. हिमनदीतला बर्फ मुख्यतः आकार्य असतो. त्याच्या स्फटिकात पाण्याचे रेणू षट्कोनी जाळीने थरावर थर रचलेले असतात आणि प्रतिबल (एकक क्षेत्रफळावरचे बल) टिकून राहिले की हे थर, पत्त्यांचा जोड तिरका करावा तसे, एकमेकांवरून सरकून स्फटिक न तुटता कायमचा वाकतो. मात्र संपूर्ण थर एकदम घसरत नाही. रचनेतला दोष थरातून पुढे पुढे जातो, म्हणून अल्प प्रतिबलही पुरते. थरांना छेदणाऱ्या दिशेने स्फटिक फारच ताठर असतो.

प्रश्न : म्हणजे ‘ठिसूळ’ चुकीचे?

उत्तर : नाही, दोन्ही खरे. दोषांना सरकायला वेळ लागतो आणि हातोडी तो देत नाही. हिमनदीतही पृष्ठभागाजवळ भेगा पडतात, खोलवर वरच्या भारामुळे त्या मिटतात. शिवाय उणे १० अंशांचा बर्फ आपल्याला गार वाटला तरी वितळबिंदूच्या अगदी जवळ असतो. केल्विनच्या, म्हणजे निरपेक्ष शून्यापासून मोजलेल्या तापमानाच्या, प्रमाणात पाहिले तर शुद्ध लोखंड सुमारे १,४७० अंश सेल्सिअसला तापवल्यासारखी ही अवस्था आहे. भट्टीजवळ काम करणाऱ्याला आणखी सांगायला नको.

दुसऱ्या वाचकाचा अभिप्राय : मग सरळ ‘घट्ट द्रव’ म्हणावे.

उत्तर : तेही नको. साध्या द्रवावरचे प्रतिबल दुप्पट केले तर विरूपणाचा (आकार बदलण्याचा) वेगही दुप्पट होतो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जॉन ग्लेन यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या प्रयोगसिद्ध नियमानुसार बर्फात तो साधारण आठपट होतो. हिमनदी तळावरूनही घसरते, त्यामुळे ‘वाहतो’चे सगळे श्रेय आकार्यतेला देता येत नाही. लेखातले वाक्य ‘बर्फ आकार्य असल्यामुळे हिमनदी स्वतःच्या भाराने आतून विरूप होत पुढे सरकते’ असे करावे.