मदत हवी आहे: घरच्या लॅपटॉपवरची वेबसाइट घरात उघडते, बाहेरून नाही

मंडळी, पडून असलेल्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्स) टाकून एनजिनएक्स हा वेब सर्व्हर चालू केलाय. साइट अगदी साधी: घरातल्या जुन्या पत्रांचे स्कॅन आणि त्याखाली टंकलेला मजकूर. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, वाचणारे फक्त नातेवाईक. घरातल्या फोनवर १९२.१६८.१.२० टाकलं की झटकन उघडते. मोबाइल डेटावरून मात्र नुसतं चक्र फिरतं आणि शेवटी टाइमआउट.

लॅपटॉपचा पत्ता राउटरमध्ये पक्का केलाय, वेबसाइटचे पोर्ट ८० आणि ४४३ त्याच्याकडे फॉरवर्ड केलेत. लॅपटॉपची फायरवॉल थोडा वेळ बंद करून पाहिली, फरक शून्य. डोमेन आहे, बदलता आयपी डोमेनला आपोआप जोडणारी डायनॅमिक डीएनएसची स्क्रिप्टही चालते.

एक गोष्ट खटकते. राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.७२ ने सुरू होतो आणि 'माझा आयपी कोणता' सांगणाऱ्या साइटवर भलताच पत्ता येतो. दोन्ही सारखे असायला हवेत ना? इंटरनेट कंपनीला फोन केला तर 'राउटर रीस्टार्ट करून बघा' यापुढे गाडी सरकत नाही.

भाड्याने होस्टिंग घ्या हा सल्ला कृपया नको. ते ठाऊक आहे, पण घरीच चालवून बघायची हौस आहे.

प्रतिसाद १
खटकतंय तिथेच उत्तर आहे. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ साली इंटरनेट कंपन्यांच्या सामायिक वापरासाठी राखून ठेवला गेला. म्हणजे तुम्ही सीजीनॅटमागे, म्हणजे कंपनीकडच्या पत्ते बदलणाऱ्या यंत्रणेमागे (नॅट) आहात: एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला. बाहेरून आलेली विनंती नेमकी कुणाच्या घरी धाडायची हे कंपनीच्या नॅटला माहीतच नसतं, त्यामुळे ती तिथेच गळते. तुमच्या राउटरचे नियम कितीही बरोबर असोत, उपयोग नाही. खात्रीसाठी लॅपटॉपवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) लावून ठेवा आणि मोबाइल डेटावरून साइट उघडा; काहीच आलं नाही तर विनंती वाटेतच गळतेय.

फोनवर 'साइट चालत नाही' म्हणू नका, 'सीजीनॅटमधून काढून सार्वजनिक आयपी द्या' एवढंच मागा. स्थिर आयपीच हवा असं नाही, डायनॅमिक डीएनएस आहेच की. नाही म्हणाले तर आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) आहे का बघा. तिथे नॅटची भानगड नसते, राउटरच्या फायरवॉलमध्ये वाट उघडायची आणि डोमेनला एएएए रेकॉर्ड (आयपीव्ही६ पत्ता सांगणारी नोंद) द्यायचा. अडचण एवढीच, की ज्या नातेवाइकांकडे नुसतं आयपीव्ही४ आहे त्यांना काही दिसणार नाही. शेवटचा मार्ग टनेलचा. क्लाउडफ्लेअरचा टनेल घेतलात तर लॅपटॉपच आतून बाहेर जोडणी करतो, म्हणून नॅट आड येत नाही. पण एचटीटीपीएस त्यांच्याकडे उलगडतं, म्हणजे मजकूर त्यांना दिसू शकतो. घरची पत्रं आहेत, तुम्हीच ठरवा.

धागाकर्ता
टीसीपीडंप लावला, चिडीचूप! एकही पॅकेट नाही. टनेल सध्या नको, सार्वजनिक आयपीची मागणी लेखी पाठवली आहे. तो मिळाल्यावर आणखी काय बघावं लागेल?

प्रतिसाद २
आयपी मिळाल्यावर घरच्या वायफायवरून डोमेन उघडलं नाही तर लगेच राउटर उचकटू नका. काही राउटरना हेअरपिन नॅट जमत नाही, म्हणजे आतून बाहेरच्या पत्त्यावर जाऊन परत आत येणं. चाचणी मोबाइल डेटावरूनच करा.

एचटीटीपीएससाठी फुकट प्रमाणपत्र देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची एचटीटीपी पडताळणी पोर्ट ८० वरच येते. कंपनीने तो अडवला असेल तर डीएनएसमध्ये टीएक्सटी रेकॉर्ड टाकून प्रमाणपत्र मिळतं. पोर्ट २२ (दुरून लॉगिन करायचा, एसएसएचचा) मात्र फॉरवर्ड करू नका, उघडा दिसला की पासवर्ड ठोकून बघणारे बॉट लगेच हजर होतात. आणि साइट फक्त नातेवाइकांसाठी असेल तर एनजिनएक्समधला साधा पासवर्ड लावाच.

स्कॅन केवढे आहेत? अपलोड १० एमबीपीएस असेल तर ५ एमबीचं एक चित्र जायलाच ४ सेकंद लागतात. पानावर लहान प्रत ठेवा, मूळ स्कॅनची लिंक द्या. मूळ स्कॅनची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर हवीच, जुन्या लॅपटॉपच्या डिस्कचा काय भरवसा. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, ती सेटिंगही बदला.