मदत हवी आहे : गुण स्टेम सेलचा की यकृताचा?

नमस्कार मंडळी. उंदरांना आठवड्यातून २ वेळा, असं ८ आठवडे कार्बन टेट्राक्लोराइड हे यकृताला घातक विष देऊन यकृतात फायब्रोसिस (व्रणासारखे तंतू साठणं) तयार केला. मग ते थांबवून शेपटीच्या शिरेतून अस्थिमज्जेतल्या मेसेन्कायमल स्टेम सेल (एक प्रकारच्या मूळ पेशी) दिल्या. एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) उतरलं, सिरियस रेड या रंगाने रंगवलेल्या स्लाइडवर कोलॅजनचे (तंतूंमधल्या प्रथिनाचे) लाल पट्टेही बारीक झाले. आनंद झाला, पण तो टिकला नाही, कारण नुसतं सलाइन दिलेल्या गटातही सुधारणा आहेच! विष थांबलं की उंदराचं यकृत आपलं आपण सावरतं, हे वाचलेलं होतं. डोळ्यांनी आत्ता पाहिलं. मग पेशी देतानाही विष चालूच ठेवायचं का?

दुसरी अडचण अशी की शिरेतून दिलेल्या बहुतेक पेशी आधी फुप्फुसांतच अडकतात. यकृतात शोधल्या तर बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणजे त्या स्वतः यकृतपेशी बनत नसून त्यांच्या स्रावांचा परिणाम असावा, असं मला वाटतं. ते दाखवायला फक्त कंडिशन्ड मीडियम (ज्यात पेशी वाढवल्या तो, त्यांचे स्राव असलेला द्रव) दिलेला वेगळा गट पुरेल का, की एक्सोसोमही (पेशी बाहेर सोडतात त्या सूक्ष्म पिशव्या) वेगळे काढावे लागतील? पोर्टल शिरेतून (आतड्यांकडून थेट यकृतात रक्त नेणाऱ्या शिरेतून) कुणी पेशी दिल्या आहेत का? (शस्त्रक्रियेत उंदीर दगावतील, ही धास्ती आहे.) कोलॅजन किती आहे ते कळावं म्हणून त्यातलं हायड्रॉक्सिप्रोलिन हे अमिनो आम्ल मोजायला घेतलंय.