शेजारीण 'घेऊन जा' म्हणाली आणि मी खरंच घेऊन आले, आता परत कसं करू? (यज्द, इराण)

कॅम्पवाली:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा, उद्या संध्याकाळपर्यंत काहीतरी ठरवायचंय मला.

आम्ही पुण्याचे इराणी, कॅम्पातले. पणजोबा यज्दजवळच्या गावातून मुंबईला आले, बेकरीत कामाला लागले, मग पुणे. घरात गुजराती, बाहेर मराठी, आणि आजी तिच्या बहिणीशी भांडायची तेव्हा दरी (अफगाणिस्तानातली नव्हे, यज्द-केरमानकडच्या झरथुष्ट्री लोकांची घरातली बोली). आता चार महिने मी इथे यज्दला बाबांच्या चुलत बहिणीकडे राहतेय, फारसी शिकायला. तिला मी अम्मे म्हणते, अम्मे म्हणजे आत्या. मावशीला खाले, मामाला दायी, काकाला अमू. या बाबतीत मराठी येतं त्याचा इतका फायदा झाला ना, क्लासमधल्या बाकीच्यांना सगळ्या आँटीच, त्यांना अम्मे आणि खाले यातला फरक शिकायला आठवडा गेला.

तर झालं असं. परवा शेजारच्या हाज-खानूमकडे चहाला गेले. सत्तरीच्या बाई, एकट्या असतात, मला दारात बघितलं की हाक मारतात. त्यांच्या टेबलावर तेर्मे होतं. तेर्मे म्हणजे इथलं विणलेलं रेशमी कापड, यज्दचं प्रसिद्ध आहे, त्यावर आपल्या शालींवर असतात तशाच कोयऱ्या, गडद डाळिंबी रंगावर सोनेरी. मी म्हणलं किती सुंदर आहे हो. त्या म्हणाल्या, 'पीशकेश'. मला वाटलं पेशकश! कळलं की मला, आपलाच शब्द. मी नको नको म्हणलं (एकदाच), त्या म्हणाल्या 'गाबेल नदारे', म्हणजे यात काय एवढं, तुझ्या योग्यतेचं नाही, आणि टेबलावरून काढून घडी घालून हातात दिलं. मी त्यांच्या गालाचा मुका घेतला आणि घेऊन आले.

अम्मे स्वयंपाकघरात होती. तिने किटली खाली ठेवली, कापडाकडे बघितलं आणि फक्त एक शब्द बोलली, 'गेरेफ्ती?' घेतलंस?

नंतर कळलं की ते त्यांच्या आईचं होतं.

आता अम्मे म्हणते तू आणलंस तूच निस्तर. मी परत द्यायला गेले तर 'तुमचं मनापासून नव्हतं' असं म्हणल्यासारखं होईल, नाही दिलं तर मी जन्मभर लुटारू. आणि खरं सांगायचं तर मला रागही आलाय. जेवायला बसल्यावर नको म्हणलं तर 'तआरोफ नकोन', म्हणजे तोंडदेखलं, उपचाराचं बोलून परकेपणा करू नकोस, आणि हो म्हणलं तर सगळे हसतात. कोणी या देशात राहिलंय का? खरं 'घे' कुठलं आणि तोंडदेखलं 'घे' कुठलं हे तुम्ही कसं ओळखता?

---

शिराझची_सून:

अगं बाई, आईचं तेर्मे 😄 सॉरी, हसायला नको होतं.

मी अमरावतीची, नवरा शिराझचा, पुण्यात शिकायला होता तेव्हाची ओळख (त्या काळी पुण्यात इराणी पोरं भरपूर असायची). नऊ वर्षं शिराझमध्ये काढली आणि पहिल्याच महिन्यात सासूबाईंच्या मैत्रिणीच्या कानातल्यांची तारीफ केली, तिने तिथल्या तिथे कानातून काढायला सुरुवात केली. माझं नशीब की नवऱ्याने टेबलाखालून पाय दाबला.

आता तुझ्यासाठी, नीट वाच. 'तुमच्या मनात नव्हतं, मला कळलं नाही, सॉरी' असं अजिबात बोलायचं नाही. ते अम्मेने तुला सांगितलं असेल हे त्यांनाही माहीत असणारे, पण ते बोलून दाखवलं की त्या बाईला कानकोंडं होईल. तू म्हणायचं, अम्मेला दाखवायला नेलं होतं. अमानत म्हणून. हा शब्द तिथे तसाच चालतो. वर काहीतरी गोड घेऊन जा, यज्दमध्ये आहेस म्हणजे गोत्ताब घे, बदाम-वेलचीचं सारण आणि वर पिठीसाखर, ते कुणी नाही म्हणत नाही. कापड खाली, गोत्ताबचा डबा वर, दोन्ही हातांनी पुढे कर.

त्या नको म्हणतील. दोनदा म्हणतील, तीनदा म्हणतील. 'ना बे खोदा', देवाशपथ नको, असं पण म्हणतील, डगमगू नकोस. तुझं पालुपद एकच, 'साहेबेश गाबेल दारे'. गाबेल नदारे-चं ठरलेलं उत्तर आहे हे, म्हणजे वस्तू असो नसो, तिची मालकीण लायक आहे. हे म्हणलं की बाई विरघळते, खात्रीने सांगते, कारण परक्या मुलीच्या तोंडून ते कुणाला अपेक्षित नसतं.

आणि पुढच्या वेळेस वस्तूची तारीफ करायचीच असेल तर आधी 'मोबारक' म्हण. किंवा म्हण की ही तुमच्याच घरात शोभते. आणि तुझ्या वस्तूची कुणी तारीफ केली तर 'चेश्मातून गशंग मीबीने', तुमच्या डोळ्यांनाच सुंदर दिसतं. हे मला इतकं आवडलं की मी अमरावतीला आईसमोर मराठीत वापरलं, ती म्हणाली डोळ्याला काय झालं माझ्या?

खरं-खोटं ओळखायचं म्हणतेस तर मी तीनदा-चा हिशोब (तीनदा आग्रह झाला तरच खरं समजायचं) सोडून दिला, तो पुस्तकी आहे, काही लोक पाच वेळा म्हणतात आणि काहींचं पहिलंच खरं असतं. मी वार बघते. 'कधीतरी या ना जेवायला' हे हवेत सोडलेलं असतं. 'शुक्रवारी दुपारी, गोर्मे सब्जी करतेय, लिंबू तुला चालतं ना' म्हणजे बाईने त्या पालेभाजीच्या रश्शासाठी वाळवलेली लिंबं भिजत घातलीत, तिथे गेली नाहीस तर कायमचा रुसवा. आणि वस्तू एकाच्या मालकीची, जुनी, आईची असेल तर ते 'घे' कधीच खरं नसतं, मग ती शंभर वेळा म्हणो.

---

खवचट_नानू:

यात इराण कुठून आलं? आमच्या पेठेत 'चहा घेणार का' हे वाक्य 'आता निघा' या अर्थाने दोनशे वर्षं वापरात आहे. फरक एवढाच की आम्ही कापड काढून हातात देत नाही.

---

शिराझची_सून:

@खवचट_नानू तुमच्या पेठेचं सोडा हो, आमच्या वऱ्हाडात या, पंगतीत पानावर हात आडवा धरला तरी हातावर वाढतात. म्हणून तर मला इराण सोपं गेलं. पुण्याच्या माणसाला अवघडच जाणार.

---

दप्तरदार:

कॅम्पवाली, तुमची चूक 'पेशकश' कळला म्हणून झाली, नसता कळला तर तुम्ही गप्प बसला असतात. हा मराठी माणसाचा खास सापळा आहे कारण आपल्या बोलण्यात फारसी ठासून भरलीय, बाजार, दुकान, जमीन, हजार, शहर, अब्रू. फडणवीस, चिटणीस यातलं नवीस म्हणजे लिहिणारा, पेशवा पण तिकडचाच. त्यामुळे इराणात उतरल्यावर दोन दिवस वाटतं की आपल्याला निम्मं कळतंय, आणि तिसऱ्या दिवशी आपटतो.

माझं आपटणं सांगतो. 2016 ला कंपनीच्या कामाने तेहरानला सहा महिने होतो. ऑफिसने मेडिकल करायला पाठवलं. आदल्या दिवशी लॅबमधून फोन, बाई म्हणाली सकाळी सातला या, 'नाश्ता'. मी म्हणलं वा, काय काळजी घेतात. सकाळी उठून बारबरी ब्रेड, पनीर, अक्रोड, दोन अंडी, गोड चहा, सगळं हाणून सातला हजर. बाईने विचारलं नाश्ता आहात ना? मी छाती पुढे काढून म्हणलं, बाले बाले, नाश्ता! तिने सुई बाहेर काढली आणि मला राहवेना म्हणून मी कौतुकाने सांगितलं की अंडी पण खाल्ली. तिने सुई परत ठेवली.

तिकडे नाश्ता म्हणजे उपाशीपोटी. सकाळच्या खाण्याला सोब्हाने म्हणतात. दुसऱ्या दिवशी परत गेलो तर मी दिसताच आतून दोघीतिघी बघायला आल्या.

असे बरेच आहेत. तुम्ही आपलं 'खूप' म्हणाल, तिथे 'खूब' म्हणजे चांगलं. तमाशा म्हणजे नुसतं बघणं, टीव्हीचा तमाशा करतात लोक. सगळ्यात वाईट 'मस्त'. जेवण झाल्यावर कुणी कसं आहे विचारलं तर मस्त म्हणू नका, ते म्हणजे दारू चढलेला, आणि आ लांबवलात तर दही. एकतर मी झिंगलोय किंवा मी दही आहे.

---

बावाजी_दादर:

पोरी, मी पण तुझ्यासारखाच, फक्त तुझ्या बापाच्या वयाचा. आमची फॅमिली तफ्तच्या बाजूची, ते यज्दपासून जवळच, डाळिंबं फेमस.

मी 2011 साली गेलो, पहिल्यांदा आणि शेवटचा. फारसी शून्य, फक्त आईकडून ऐकलेली दरी, आणि ती पण गावागणिक वेगळी, एका मोहल्ल्याची दुसऱ्याला कळेल याची ग्यारंटी नाही. यज्दच्या आतशकदेच्या, म्हणजे अग्यारीच्या, फाटकाजवळ एक म्हातारबाबा बसला होता बाकावर. ती इमारत 1934 ची, मुंबईच्या पारशांचा पैसा लागलाय तिला, त्यामुळे तिथल्या जुन्या लोकांना बॉम्बे म्हणजे आपल्याला कोल्हापूर तसं, घरचं गाव. त्याने विचारलं, 'बच्चे-ये कोजाई?' कुठलं पोर तू? साठ वर्षांच्या माणसाला पोर! आमच्या बिल्डिंगमधले मालवणचे सावंतकाका 'तू खंयचो' विचारायचे ना, एकदम तसंच, नाव नाही, धंदा नाही, आधी गाव. मी सांगितलं बॉम्बे. तो म्हणतो ते विचारलं नाही. मी आजोबांच्या गावाचं नाव घेतलं, तर म्हणे हां, मग आता सांग, तिथे पाणी आहे का अजून कनातीत? मला काय माहीत बाबा! कनात म्हणजे जमिनीखालचा पाण्याचा बोगदा, डोंगराकडून गावाकडे येतो, त्याच्यावर ही सगळी वाळवंटी गावं जगली. सत्तरऐंशी वर्षांपूर्वी निघून गेलेल्या घरच्या पोराला तो पाण्याची चौकशी करत होता, म्हणजे मी काल गेलो आणि आज परत आलो.

मग मी त्याला म्हणलं आमची इराणी चाय पी, म्हणजे तुला पण तुझ्या देशाची चव कळेल. त्याला वर्णन करून सांगितलं, दूध घालून उकळलेली, बरोबर मस्का लावलेला बन. त्याने असं तोंड केलं जसं काय मी चहात मासा सोडला. त्यांचा चहा काळा, काचेच्या ग्लासात, आणि साखरेचा खडा दातात धरून. वर म्हणतो, हे इराणचं नाव कुणी दिलं त्याला?

तुझ्या कापडाचं म्हणशील तर परत दे, शिराझवाली बाई बरोबर बोलते. पण तुझी आत्या तुझ्याबरोबर येत नाही ना, ते मुद्दाम आहे. आली असती तर दोघी मोठ्या बायांनी आपसात मिटवलं असतं आणि तू पाहुणीच राहिली असती. एकटीला पाठवते म्हणजे घरची समजते. हसतात म्हणतेस, तर हसू दे. पाहुण्याला कोण हसतं?

---

दप्तरदार:

@बावाजी_दादर दुकानात कार्डाचा पिन विचारतात तो अनुभव आला का तुम्हाला? 'रम्झेतून?' म्हणजे तुमचा गुप्त आकडा काय, आणि गिऱ्हाईक सगळ्यांसमोर मोठ्याने सांगतं, दुकानदार दाबतो. आपल्याकडची कार्डं चालत नाहीत त्यामुळे माझं सगळं रोखीत, तरी कुणी पिन ओरडला की माझ्याच पोटात गोळा यायचा.

---

बावाजी_दादर:

हो रे! मी तर तोमान आणि रियालमध्येच गेलो. नोटेवर रियाल, तोंडात तोमान, एक शून्य कमी, वर हजार हा शब्दच गिळतात. पिस्ते घेतले, त्याने पाच म्हणलं, मी पाच शोधत बसलो. शेवटी पाकीट उघडून त्याच्या पुढे धरलं, तूच घे. त्याने घेतले, वर म्हणतो गाबेल नदारे!

---

कॅम्पवाली:

अपडेट. जाऊन आले.

गोत्ताब घेतले अर्धा किलो. शिराझची_सून, तुमचं वाक्य रात्रभर घोकलं, आरशासमोर. हाज-खानूमने दार उघडलं, टेबल अजून उघडंच होतं, दुसरं काही घातलं नव्हतं त्यावर. ते बघून माझ्या पोटात कसंतरी झालं. मी म्हणलं अम्मेला दाखवायला नेलं होतं, अमानत. त्या म्हणाल्या ना बे खोदा. मी म्हणलं साहेबेश गाबेल दारे. त्या दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत, मग 'हे कुणी शिकवलं' म्हणून विचारलं. मी म्हणलं अमरावतीच्या एका बाईने. अमरावती कुठे, म्हणे. आता ते फारसीत कसं सांगणार, मी म्हणलं हेंद.

मग कापड घेतलं. मला म्हणाल्या एक टोक धर. दोघींनी मिळून टेबलावर अंथरलं, कोयऱ्यांची टोकं भिंतीकडे जायला हवीत ती मी उलटी धरली होती, त्यांनी माझा हात धरून फिरवला. एका कोपऱ्याला डाग आहे चहाचा, जुना, बघितलाच नव्हता मी. त्या म्हणाल्या हा मी सहा वर्षांची असताना सांडला आणि आईने मारलं होतं.

दप्तरदार, चहा झाल्यावर कसा होता विचारलं आणि माझ्या तोंडून 'मस्त' निघता निघता राहिलं.

बावाजी, अम्मेला विचारलं मुद्दाम एकटीला पाठवलंस का. ती म्हणाली गुडघा दुखत होता. आता ती तआरोफ करतेय का मला माहीत नाही.

येताना हाज-खानूमने वाडगाभर डाळिंबाचे दाणे दिले, मीठ आणि गोलपर (इथला एक मसाला) लावून. ते मी तीनदा नको म्हणलं, त्या चिडल्या, मग घेतलं. अम्मे म्हणाली हे बरोबर केलंस. आता प्रश्न असा की वाडगा रिकामा परत द्यायचा नाही, इथेही आपल्यासारखंच आहे, काहीतरी घालून द्यायचं असतं. माझ्याकडे पुण्याहून आणलेला पातळ पोह्यांचा चिवडा आहे, थोडा मऊ पडलाय. कढईत परतून दिला तर चालेल का, की सत्तर वर्षांच्या दातांना नको?