मदत हवी आहे : मुंबई ते दुबई नक्की किती तास?

आई पहिल्यांदाच विमानात बसणारे, ती पण एकटी, ताईकडे दुबईला. तिकिटावर सुटायची वेळ ४:३० आणि पोचायची ६:१० आहे, ते बघून ती म्हणते दीड तासात दुबई, मग डबा कशाला! तिला सांगून दमलो की अंतर साधारण १९०० किमी आहे, तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे, म्हणजे विमानात सव्वातीन तास धर. येताना वारा मागून असतो म्हणून जरा कमी लागतात म्हणे.

आता खरा प्रश्न, तिला शुगर आहे, रात्रीची गोळी आपल्या आठला असते, म्हणजे विमान उतरल्यावर इमिग्रेशनच्या लायनीतच, तर जेवण-गोळीचं कसं जमवायचं? कोणी नेलंय का आईवडलांना? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण तुमचा अनुभव सांगा ना.