संत सिरिल-मेथोडियस यांचा सण नक्की कधी?

ब्रनोकर: कामानिमित्त चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोत राहतो. इथे ५ जुलैला संत सिरिल आणि मेथोडियस यांची (नवव्या शतकातले दोघे भाऊ, पूर्व युरोपातल्या स्लाव्ह लोकांना त्यांच्याच भाषेत ख्रिस्ती धर्म शिकवणारे) सरकारी सुट्टी असते. टीममधली बल्गेरियन मैत्रीण म्हणते, आमच्याकडे २४ मे. वसईच्या मावशीच्या चर्च कॅलेंडरात १४ फेब्रुवारी. नेमकं खरं काय?

पंचांगवाला: १४ फेब्रुवारी ८६९ ला सिरिल रोममध्ये वारले, म्हणून ती तारीख. ११ मे हा पूर्वेकडच्या चर्चचा दिवस. ज्युलियन कॅलेंडरचे १३ दिवस धरले की २४ मे होतो. शिवजयंतीचा तिथी-तारखेचा घोळ आठवा. ५ जुलै मोरावियाचा, म्हणजे तुमच्या ब्रनोच्याच प्रदेशाचा. दोघे तिथे आल्याला १८६३ मध्ये हजार वर्षं झाली, तेव्हा ठरला.

मीरा_इतिहास: या सगळ्यात मेथोडियसचं फार वाईट वाटतं. ते गेले ६ एप्रिल ८८५ ला, आणि ती तारीख यात कुठेच नाही!

खरं तर पुढचं सगळं ओझं त्यांनीच ओढलं. त्यांच्या जुन्या चरित्रात सिरिलचं शेवटचं बोलणं आहे: आपण दोघं एका जुवाला जुंपलेली बैलजोडी, नांगराची एकच रेघ ओढत आलो, मी आता शेतातच पडतोय, तुला तुझा डोंगर प्रिय आहे ठाऊक आहे, पण त्याच्यापायी शिकवणं सोडू नकोस. डोंगर म्हणजे ऑलिंपस (ग्रीसमधला नव्हे, आजच्या तुर्कस्तानातला), मेथोडियसचा मठ होता तिथे. ते परत गेले नाहीत. पोपने आर्चबिशप केलं, तर बव्हेरियाच्या बिशपांनी धरून अडीच वर्षं कोंडून ठेवलं. का, तर आमच्या हद्दीत शिकवतोस म्हणून. ८७३ मध्ये पोप आठवे जॉन यांनी सोडवलं. सुटल्यावर पुन्हा तेच काम, स्लाव्ह भाषेतली उपासना आणि बायबलचं भाषांतर. अंत्यविधी लॅटिन, ग्रीक आणि स्लाव्ह अशा तिन्ही भाषांत झाला. त्यांची कबर मात्र अजून सापडलेली नाही.

५ जुलैला वेलेह्राडला, या संतांच्या तीर्थक्षेत्राला, जरूर जा. ब्रनोहून लांब नाही, बॅसिलिकासमोर मोठी मिस्सा असते.

ब्रनोकर: जाणारच. पण मग बल्गेरियाचा यात संबंध काय?

मीरा_इतिहास: मेथोडियस गेल्यावर त्यांच्या शिष्यांना मोरावियातून हाकलून दिलं. क्लेमेंट आणि नाउम बल्गेरियाच्या राजा बोरिसकडे पोचले, त्याने आसरा दिला. क्लेमेंटनी पुढे ओह्रिडच्या भागात (तेव्हा बल्गेरियात, आज उत्तर मॅसिडोनियात) हजारो मुलं शिकवली. तुमच्या मैत्रिणीला क्लेमेंटबद्दल विचारा, शाळेत शिकलेली असेल.