शब्दचर्चा : ‘प्लेझर पियर’ला धक्का म्हणावे का?

प्रश्न : इंग्लंडमधील ब्रायटनविषयीच्या एका लेखाचे भाषांतर करताना ‘पॅलेस पियर’ या प्लेझर पियरचे, म्हणजे समुद्रात खांबांवर नेलेल्या करमणुकीच्या बांधकामाचे, नाव आले. त्याला धक्का म्हटले की भाऊचा धक्का, लाँचची गर्दी आणि मासळीच्या टोपल्या आठवतात. तेथे तर लोक केवळ फिरायला आणि करमणुकीसाठी जातात. कोणता शब्द योजावा?

प्रतिसाद १ : ‘धक्का’ इतिहासाला धरून आहे, कारण हे पियर मुळात उतारूंसाठीच बांधले गेले. इंग्लंडच्या ‘आइल ऑफ वाइट’ या बेटावरील राइड गावी ओहोटीच्या वेळी बोटीतून उतरलेल्यांना हमालाच्या पाठीवर बसून किंवा ओल्या वाळूतून बरेच चालून किनारा गाठावा लागे, म्हणून १८१४ मध्ये तेथे लाकडी पियर समुद्रात लांबवर नेण्यात आला. सॅम्युअल ब्राउन यांनी साखळदंडांवर तोललेला ब्रायटनचा चेन पियर (१८२३) फ्रान्समधील दिएपच्या बोटींसाठी होता. पण बोट न पकडता, पैसे भरून नुसती फेरी मारणारेही त्यावर येऊ लागले. १८४१ मध्ये लंडनहून रेल्वे आली आणि ही गर्दी वाढतच गेली. युजेनियस बर्च यांनी १८६६ मध्ये बांधलेल्या वेस्ट पियरचा तर मुख्य हेतूच फिरणे हा होता.

प्रतिसाद २ : माझा आक्षेप रचनेबाबत आहे. धक्का म्हटल्यावर सहसा किनाऱ्यालगतचे भरीव दगडी बांधकाम मनात येते, तर पियर खांबांवर उभा असतो आणि भरतीचे पाणी त्याच्याखालून वाहते. बर्च यांनीच मार्गेटच्या पियरसाठी (१८५५) मळसूत्री पाते असलेले लोखंडी खांब समुद्रतळात पिळून बसवले होते. रचनेच्या दृष्टीने आपल्या किनाऱ्यावरची ‘जेटी’ अधिक जवळची; परंतु साउथएंडचा पियर २.१६ किलोमीटर लांब असून त्यावर रेल्वे धावते, त्याला जेटी म्हणणे फारच अपुरे वाटते. ‘विहारधक्का’ ऐकायला गोड आहे, पण तो शब्द कोणी बोलत नाही.

प्रतिसाद १ : रचनेचा मुद्दा मान्य आहे. मग विशेषनामात ‘पियर’ तसाच ठेवावा आणि प्रथम उल्लेखात ‘समुद्रात खांबांवर नेलेला, फिरण्याचा व करमणुकीचा पियर’ असा खुलासा करावा. त्याच लेखात १८९६ च्या वादळात नष्ट झालेल्या चेन पियरच्या बोटींविषयी लिहिताना मात्र ‘बोटी धक्क्याला लागत’ असे खुशाल लिहावे.