मदत हवी आहे: चिकनचा पांढरा रस्सा फाटतोय

रविवारी आठ माणसं जेवायला आहेत, कोल्हापुरी थाळीचा घाट घातलाय. सुकं आणि तांबडा जमतात, घोडं अडलंय पांढऱ्या रश्शापाशी. खानावळीत वाटीतून येतो तसा दुधासारखा एकजीव हवा. माझा दहा मिनिटांत फुटतो: वर तेलकट पाणी, तळाशी खोबऱ्याचा बारीक रवा.

एक किलो चिकन हाडांसकट, आलं-लसूण आणि मीठ घालून शिजवते. हळद अजिबात नाही. अळणी (चिकन शिजवलेलं पाणी) गाळून साधारण दीड लिटर निघतं. तुपात लवंग, दालचिनी, वेलदोडा, मिरी, त्यावर काजू-खसखस-तिळाचं वाटण, मग अळणी आणि शेवटी दोन नारळांचं दूध.

आच मंद ठेवून झाली, हात दुखेस्तोवर ढवळून झालं. एकदा डब्यातलं नारळाचं दूध वापरलं, ते फुटलं नाही, पण रस्सा खिरीसारखा गोडुस लागला. दही किंवा लिंबू घालत नाही, त्यामुळे आंबटाचा दोष नसावा. क्रीम आणि कॉर्नफ्लोअर नको आहे.

नारळाचं दूध उकळत्या अळणीत घालायचं की ते कोमट झाल्यावर? आणि मंडळी तासभर उशिरा आली (येणारच), तर तो न फुटता परत गरम कसा करायचा?